शिदोरींतलें औषध

प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या गांठोड्यांत काय असतें यावरून त्याच्या काळाची बरीचशी ओळख पटते. राजांच्या मोहिमा, तह आणि वंशावळी यांचा इतिहास लिहिला जातो. परंतु निरोप देतांना आईनें मुलाच्या हातीं जी पुरचुंडी ठेविली तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. त्या पुरचुंडींत भाकरी-चटणीबरोबर सुंठ असे, ओवा असे, हिंगाचा खडा असे आणि पुढें पुढें कोयनेलच्या गोळ्याहि असत. आज त्याच जागीं चकचकीत पट्टींत बसविलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या आल्या आहेत. सुंठेपासून या पट्टीपर्यंतची वाट फार लांबची नाहीं; तींत दीडशें वर्षेंहि गेलीं नाहींत. परंतु ती मागें वळून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. औषध पिशवींत भरून नेतां येतें; पण तें केव्हां घ्यावें, किती घ्यावें आणि केव्हां घेऊं नये, हा निर्णय मात्र पिशवींत भरतां येत नाहीं.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें गांव घ्या. विचारवंत नरहर कुरुंदकर यांच्या घराण्याचें मूळ गांव म्हणून त्याचें नांव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. संस्थानाचा हाली शिक्का वेगळा, टपालाचीं तिकिटें वेगळीं, आणि सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. कुरुंद्याचा माणूस उत्तरेस पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेला, तर भाषा तीच, देव तेच, पुष्कळदां सोयरेहि तेच. पण अंमल दुसऱ्याचा. त्याचा परदेश समुद्रापलीकडे नव्हता. तो नदीच्या पैलतीरींच सुरू होई. अशा प्रवाशाला वाटेंत ताप भरला, कांट्यानें पाय चिघळला किंवा छातींत कफ दाटला, तर त्याच्याजवळ काय उपाय होता? हिंवतापावर कोयनेल हें खरोखर गुणाचें औषध होतें. बाकीच्या पुष्कळ रोगांत मात्र रोग आणि शरीर यांची झुंज लागे, आणि नातेवाइकांनीं उशाशीं बसून ती पाहावी एवढेंच त्यांच्या हातीं उरे.

कुरुंद्याचा हा प्रवासी इतिहासाला अनामिक आहे. म्हणून जिच्या प्रवासाची तारीखवार नोंद राहिली आहे अशा एका महाराष्ट्रीय स्त्रीकडे वळूं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून जहाजानें निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघें १८. प्रकृति निघण्यापूर्वींच ढासळलेली होती. डोकेदुखी, मधून मधून ताप, अशक्तपणा आणि धाप यांनीं त्या गांजल्या होत्या. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल या गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. या बाईंनीं आनंदीबाईंच्या दुखण्याची हकीकत वाचून अमेरिकेहून औषधें पाठविलीं. पण गुण आला नाहीं. पाठविणारी स्त्री मायेची होती, वैद्य नव्हती. रोगी एका खंडांत, औषधाचें उगमस्थान दुसऱ्या खंडांत, आणि मधल्या हजारों मैलांत केवळ सद्भावना. प्रवासी औषधाच्या इतिहासांतील हा पहिला धडा आहे: माया औषध पाठवूं शकते, पण निदान करूं शकत नाहीं.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई पदवीधर झाल्या, त्याच वर्षीं अखेरीस मायदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें वारल्या. वयाचीं २२ वर्षेंहि पूर्ण झालीं नव्हतीं. येथें कोणाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. क्षयाचा जंतु सांपडल्याचें रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें होतें, म्हणजे शत्रूचें नांव कळलें होतें. परंतु त्याला मारणारें शस्त्र जगांत कोणाच्याहि भात्यांत नव्हतें. तें शस्त्र, स्ट्रेप्टोमायसिन, हातीं आलें १९४३ सालीं. आणि तेंहि आनंदीबाई ज्या न्यू जर्सी प्रांतांत राहिल्या होत्या त्याच प्रांतांत. रटगर्स विद्यापीठांत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला तें मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळालें. ज्या भूमीवर एक मराठी मुलगी छातींत रोग घेऊन उतरली, त्या भूमीच्या मातींतच त्याचा उतारा पुढें सांपडावा आणि त्याला तिच्या मृत्यूनंतर ५६ वर्षें लागावींत, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे.

दुसरा प्रवासी सोलापूरचा. चीनवर जपाननें १९३७ सालीं स्वारी केली तेव्हां जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं भारतानें डॉक्टर पाठवावेत अशी विनंति आली आणि राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें एक पथक १९३८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून रवाना केलें. अटल, चोळकर, बसु, मुखर्जी आणि द्वारकानाथ कोटणीस हे ते पांचजण. कोटणीस त्या वेळीं २७ वर्षांचे होते. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचें शिक्षण त्यांच्या गांठीं होतें. १९३९ च्या आरंभीं हे लोक येनानला पोंचले. पुढें उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर, जेथें शत्रूच्या वेढ्यांतून औषध पोंचविणें म्हणजेच एक लढाई होती, तेथें कोटणीसांनीं शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थी शिकविले आणि जखमी माणसें जगविलीं.

त्याच आघाडीवर नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे प्रसिद्ध शस्त्रवैद्य काम करीत होते. १९३९ च्या शरदांत शस्त्रक्रिया करतांना त्यांच्या बोटाला कापलें. जखम क्षुल्लक, पण जंतु रक्तांत भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं हा कुशल वैद्य रक्तदोषानें मरण पावला. सल्फा जातीच्या पहिल्या औषधाचा गुण गेर्हार्ड डोमाक यांनीं १९३५ सालींच प्रसिद्ध केला होता. पेनिसिलिनचा शोध तर १९२८ चा. म्हणजे विद्या जन्मास आली होती, पण त्या डोंगरांतील बिछान्यापर्यंत ती औषधाच्या रूपानें पोंचली नव्हती. बेथ्यून यांच्या नांवें जें रुग्णालय चालविण्यांत आलें त्याचे प्रमुख म्हणून १९४१ च्या जानेवारींत कोटणीसांची नेमणूक झाली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें ते तेथेंच वारले. आनंदीबाईंच्या कथेंत औषध समुद्र ओलांडून आलें, पण त्यामागें वैद्य नव्हता. कोटणीसांच्या कथेंत वैद्य समुद्र ओलांडून गेला, पण त्याच्या हाताला औषध पुरलें नाहीं.

तिसरी घटना पुण्याची. पेनिसिलिन त्या काळीं किती दुर्मिळ होतें याची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों कीं, ऑक्सफर्ड येथें १९४१ च्या फेब्रुवारींत एका पोलिसाला जेव्हां तें टोंचण्यांत आलें, तेव्हां सांठा पुरेना म्हणून रोग्याच्या मूत्रांतून तें परत काढून पुन्हां त्यालाच दिलें गेलें. रोग्याला उतार पडला. परंतु औषध संपलें, रोग उलटला आणि रोगी दगावला. पुढें युद्धाच्या गरजेमुळें अमेरिकेंत त्याचें मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालें, तरी सामान्य माणसाला तें दुरापास्तच होतें. १९४४ च्या फेब्रुवारींत आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी अत्यवस्थ झाल्या. त्यांचे चिरंजीव देवदास यांच्या खटपटीनें कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलिन आणविण्यांत आलें. तें दर कांहीं तासांनीं टोंचावें लागतें हें कळतांच गांधीजींनीं त्याला विरोध केला. अखेरच्या घडींत त्या शरीराला आणखी यातना नकोत असें त्यांचें म्हणणें होतें. पुत्राला प्रयत्न सोडवेना, पतीला तो करवेना. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं सायंकाळीं कस्तुरबांचें देहावसान झालें. टोंचण्याची सुई वापरली गेली नाहीं.

गांधीजींचा निर्णय योग्य होता कीं अयोग्य, या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं औषध, वैद्य आणि निर्णय या तिन्ही गोष्टी एका छपराखालीं होत्या. दुरून आणलेलें औषध घेतलेंच पाहिजे असें नव्हे, तर तें घ्यावें कीं नाहीं हा प्रश्न आपल्या जागीं उभा राहतोच, हें त्या राजवाड्यांत दिसून आलें. औषध जितकें दुर्मिळ, तितका त्याविषयींचा विचारहि गंभीर असे.

ही दुर्मिळता आपल्याकडे संपविण्याचा पाया पुण्याजवळच घातला गेला. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालक निधि यांच्या साह्यानें भारत सरकारनें १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला व १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जें औषध ११ वर्षांपूर्वीं कलकत्त्याहून विमानानें आणावें लागलें, तें आतां आगाखान राजवाड्यापासून कांहीं मैलांवर पिपांतून पिकूं लागलें. पुढें खासगी कारखाने वाढले, किंमती उतरल्या, आणि जी वस्तु एके काळीं सेनापतींच्या परवानगीनें मिळे ती तालुक्याच्या दुकानीं मिळूं लागली. असंख्य बाळंतिणी, न्यूमोनियानें तळमळणारीं मुलें आणि क्षयरोगी त्यामुळें वांचले. या उपकाराचें विस्मरण होऊं नये. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें या औषधांच्या निंदेसाठीं नव्हे, त्यांच्या रक्षणासाठीं आहे.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनींच रक्षणाची ही सूचना प्रथम दिली. ११ डिसेंबर १९४५ रोजीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत त्यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. एका माणसाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनानें पेनिसिलिन घेतो, पण अपुरें घेतो. जंतु मरत नाहींत. उलट औषधाला तोंड द्यावयास शिकतात. तेच जंतु त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आतां पेनिसिलिन निष्फळ ठरून ती मरते. अपराध पतीच्या अनास्थेचा, शिक्षा पत्नीला. औषध बाजारांत नुकतें येत असतांनाच हें भाकीत केलें गेलें, आणि तें ऐकणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं मनावर घेतलें.

आतां आजच्या प्रवाशाकडे येऊं. मराठवाड्यांतील गांवांतून आज तरुण माणसें पुणें-मुंबई-हैदराबाद येथेंच नव्हे, तर आखाती देशांत, युरोपांत आणि अमेरिकेंतहि कामाला जातात. जातांना घरचें माणूस पेटींत लोणच्याच्या बरणीबरोबर गोळ्यांच्या दोन पट्ट्या ठेवतें. त्याचें कारणहि समजण्याजोगें आहे. परक्या देशांत डॉक्टरची भेट लवकर मिळत नाहीं, मिळाली तर ती महाग पडते. शिवाय तेथील डॉक्टर साध्या पडशाला अशीं औषधें लिहून देत नाहींत. मजुरी करणाऱ्याला एक दिवस बुडणें परवडत नाहीं. म्हणून ताप येतांच पेटी उघडते, दोन दिवस गोळ्या घेतल्या जातात, बरें वाटतांच उरलेल्या परत पेटींत जातात आणि पुढें शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला दिल्या जातात. यांत कोणाची दुष्ट बुद्धि नाहीं. कार्पेंटरबाईंच्या मायेचाच हा आजचा अवतार आहे. परंतु कार्पेंटरबाईंचीं औषधें फार तर निरुपयोगी ठरलीं. आजचें औषध मात्र चुकीच्या वेळीं घेतलें असतां निरुपयोगी ठरून थांबत नाहीं, तें दुसऱ्याचेंहि नुकसान करतें.

तें कसें, हें समजून घेण्याजोगें आहे. आपल्या आंतड्यांत कोट्यवधि निरुपद्रवी जंतूंची वस्ती असते आणि तीच परक्या जंतूंना थारा देत नाहीं. प्रतिजैविक घेतलें कीं ही वस्ती उठते. मोकळ्या झालेल्या जागेंत, त्या औषधाला न जुमानणारा परका जंतु येऊन घर करतो. प्रवासांत पाणी नवें, अन्न नवें, म्हणून असे परके जंतु पोटांत जाण्याचा संभव अधिक. फिनलंडच्या संशोधकांनीं ४३० प्रवाशांची तपासणी करून २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना जुलाब झाले नाहींत व ज्यांनीं प्रतिजैविक घेतलें नाहीं त्यांपैकीं शेंकडा ११ जणांच्या पोटांत असे प्रतिरोधक जंतु घरीं आले. जुलाब होऊनहि औषध न घेणाऱ्यांत हें प्रमाण २१ होतें. आणि जुलाब होऊन प्रतिजैविक घेणाऱ्यांत तें ३७ वर गेलें. हॉलंडमध्यें सुमारें २,००० प्रवाशांचा असाच अभ्यास होऊन २०१७ सालीं छापला गेला. दक्षिण आशियांतून परतलेल्यांपैकीं शेंकडा ७५ जण असे जंतु घेऊन आले होते; आणि ज्यांनीं ज्यांनीं ते आणले, त्यांच्यापैकीं शेंकडा ११ जणांच्या पोटांत ते वर्षानंतरहि टिकून होते. दक्षिण आशिया म्हणजे आपलाच शेजार. परदेशी पाहुणा येथून चार दिवसांत जें घेऊन जातो, तें आपल्यापैकीं अनेकांच्या पोटांत आधींच मुक्कामाला असणार, हें उघड आहे.

एका कटु प्रसंगानें ही गोष्ट जगाच्या चव्हाट्यावर आली. स्वीडनमध्यें राहणारा एक भारतीय वंशाचा रोगी दिल्लींत रुग्णालयांत राहून परत गेला असतां, २००८ सालीं त्याच्या शरीरांत असा एक जंतु सांपडला कीं, राखून ठेविलेलीं अत्यंत प्रबळ औषधेंहि त्याच्यापुढें लटकीं पडलीं. त्या जंतूच्या प्रतिकारशक्तीच्या मुळाशीं असलेल्या द्रव्याच्या नांवांत 'नवी दिल्ली' हे शब्द घातले गेले, आणि आपल्या देशांत संताप उसळला. राजधानीच्या नांवाला लागलेला डाग कोणालाहि खुपणारच. परंतु नांवाचा राग जितका आला, तितकी त्या वस्तुस्थितीची लाज वाटली का, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयास हवा.

मग प्रवाशानें औषध बरोबर नेऊंच नये काय? तसें म्हणणें अविचाराचें होईल. याचें उत्तर समुद्रावरच्या जुन्या रिवाजांत सांपडतें. ज्या मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, त्यावर औषधांची पेटी ठेवावी लागते. रत्नागिरीकडच्या किती तरी खलाशांनीं ती पाहिली असेल. पण कप्तानानें ती उघडून मनाला येईल ती बाटली द्यावी असा तो रिवाज नाहीं. १९३५ सालीं गुइदो गुइदा या इटालियन डॉक्टरनें रोम येथें एक केंद्र उभारलें. भर समुद्रांतल्या जहाजानें बिनतारी संदेशानें रोग्याचीं लक्षणें कळवावींत आणि डॉक्टरांनीं पेटींतलें कोणतें औषध किती द्यावें तें उलट कळवावें, अशी ती योजना होती. औषध जहाजावर, निर्णय किनाऱ्यावर, आणि मध्यें लहरींचा सेतु. प्रवासी औषधाचा याहून शहाणा नमुना मला दिसत नाहीं. आज तर प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. रोमला साधला तो सेतु कुरुंद्याच्या तरुणाला दुबईहून साधतां येणार नाहीं असें नाहीं.

तेव्हां निघण्यापूर्वीं डॉक्टरला भेटावें, कोठें आणि कोणत्या कामासाठीं चाललों तें सांगावें. त्याला आवश्यक वाटलें तर त्यानें औषध लिहून द्यावें, आणि तें कोणत्या लक्षणांवर, किती दिवस घ्यावयाचें हेंहि लिहून द्यावें. गोळ्या मूळ वेष्टनांतच ठेवाव्यात; चिठ्ठींत औषधाचें व्यापारी नांव न लिहितां मूळ नांव लिहून घ्यावें, कारण व्यापारी नांवें देशागणिक बदलतात. त्या देशांत कोणतीं औषधें नेतां येतात त्याची चौकशी आधींच करावी. वेदनाशामक आणि खोंकल्याच्या कांहीं औषधांना आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. सौम्य जुलाबांवर प्रतिजैविकाची गरज नसते. तेथें मीठ-साखरेचें पाणीच पहिलें औषध. १९७१ च्या बांगला देशी निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच साध्या पाण्यानें पटकीचे असंख्य रोगी वांचविले. मात्र जुलाबांत रक्त पडूं लागलें, ताप चढला किंवा शुद्ध हरपूं लागली, तर पेटी उघडण्याऐवजीं दवाखाना गांठावा.

कायद्यानेंहि यांत आपला वांटा उचलला आहे. १ मार्च २०१४ पासून कांहीं प्रबळ प्रतिजैविकांची आणि क्षयावरील औषधांची विक्री निराळ्या वहींत नोंदवावी, लिहून देणाऱ्या डॉक्टरचें व घेणाऱ्या रोग्याचें नांव तींत लिहावें आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावी, असा नियम झाला. परंतु दुकानदाराच्या वहीचा अंमल दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. पेटी विमानांत चढली म्हणजे तिच्यावर फक्त धन्याच्या विवेकाचा पहारा उरतो.

कुरुंद नांवाचा एक कठीण दगड आहे. त्याच्यावर घासून बोथट शस्त्राला धार लावतात. कुरुंद्याच्या नांवाचा त्याच्याशीं संबंध असो वा नसो, त्या दगडाची आठवण येथें झाल्याखेरीज राहत नाहीं. लोखंडाचें शस्त्र बोथटलें तर तें कुरुंदावर घासून पुन्हां पाजळतां येतें; पण जंतूंना जें औषध ओळखीचें झालें त्याला पुन्हां धार लावणारा दगड अजून कोणाला सांपडलेला नाहीं. नवें औषध शोधावयास वर्षें लागतात, जुनें निकामी करावयास कांहीं बेपर्वा दिवस पुरतात. आनंदीबाईंना जें मिळालें नाहीं, बेथ्यून यांच्या उशाशीं जें पोंचलें नाहीं, तें आज आपल्या पेटींत सहज पडून आहे. तें आपल्या एकट्याचें नाहीं. पुढें कोणत्या तरी गांवीं ज्याला खरोखर त्याची गरज पडणार आहे त्याची ती ठेव आहे, आणि ती आपण प्रवासापुरती संभाळावयाची आहे.